गार्डचाचांची एक दुरुस्ती

इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यातलं एक रेल्वे स्टेशन. बंद पडून साठेक वर्षं झालेली, फलाटावर कमरेइतकं गवत. नेटवर कुणीतरी त्याचा जुना फोटो टाकलेला आणि खाली गोऱ्या म्हाताऱ्यांची हळहळ. इथून मी शाळेला जायचो, इथं माझे वडील हमाल होते, वगैरे. त्या सगळ्या हळहळीच्या शेवटी, धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाहून, एक ओळ असायची. ‘आपले स्टेशन बंद झाल्याचे वाचून अत्यंत वाईट वाटले. धीर धरावा.’

इंग्रजी माझं. दुःख गार्डचाचांचं.

तेरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा चार वर्षं त्यांच्या घरात माडीवर भाड्यानं राहिले. माझे मिस्टर नोकरीनं नागपूरला, सासर तुळजापूरला आणि मी मधल्यामधे तेरला. खोली बघायला गेले तेव्हा घरमालक विचारतात त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती. जात कुठली, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं. चाचांनी एकच विचारलं.

"मॅडम, तुमाला विंग्रजी टायपिंग येतं का?"

"येतं. का हो?"

"मग खोली तुमची."

आठवडाभर मला वाटत होतं, म्हाताऱ्याला पेन्शनचा अर्ज-बिर्ज करायचा असेल. रविवारी त्यांनी खाली बोलावलं, मुलानं पुण्याहून पाठवलेला टॅब पुढे ठेवला आणि म्हणाले, "ह्यास्नी सांगा, इंजनाचा फोटो बरोबर हाय, पर स्टेशन येडशी न्हाय. पांगरी हाय." कुणाला सांगायचं ते मला कळेना. तेव्हा त्यांनी तो ग्रुप दाखवला. जुन्या रेल्वेगाड्यांचे फोटो एकमेकांना दाखवणाऱ्या हजारो माणसांचा तो ग्रुप होता, त्यातले बहुतेक इंग्लंडचे आणि बहुतेक सत्तरीच्या पुढचे. स्वतःच्या देशातली वाफेची इंजिनं भंगारात गेल्यावर ही माणसं तरुणपणी जगभर हिंडली, जिथं अजून धूर निघत होता तिथं तिथं जाऊन फोटो काढले. आता म्हातारपणी पेट्या उघडून एकेक फोटो नेटवर टाकत बसली होती.

त्यातले काही जण आपल्या छोट्या गाडीलाही येऊन गेलेले. छोटी गाडी म्हणजे कुर्डुवाडीहून लातूरला जायची ती अरुंद रुळांची गाडी. इंग्रजांच्या काळात लंडनात कचेरी असलेल्या एका कंपनीनं घातलेली. ती इतकी सावकाश चालायची की माणसं चालत्या गाडीतून उतरून विधी आटोपून परत चढायची, असं अजूनही सांगतात. चाचांना हा विनोद अजिबात खपायचा नाही. "म्या तीस वर्षं गार्ड हुतो. एकबी पॅशिंजर असा उतरला न्हाय," असं ते शपथेवर सांगायचे. मग जरा थांबून म्हणायचे, "उतरला आसंल तर पुढच्या डब्यातनं."

रूळ रुंद झाले, मोठी गाडी आली, छोटीचं सगळं उखडून नेलं. चाचा मात्र ड्यूटीवरच राहिले. मी शाळेतून आले की ओसरीतून आवाज यायचा, "मॅडम, सात मिन्टं लेट. कुठं अडकलात?" मीटिंग होती म्हटलं की, "कारण मंजूर." शेळी दूध द्यायला उभी राहिली नाही तर ती ‘सिग्नल तोडते’. भाजी संपली की ‘स्टॉक निल’. मुलगा सुट्टीला येणार असला तर तो ‘राइट टायम’ आहे की नाही हे ते दर तासाला फोन करून विचारायचे. तो बिचारा पुण्याहून मोटारसायकलवर येत असायचा.

ओसरीत दोन घड्याळं होती. एक आपलं आणि एक इंग्लंडचं. संध्याकाळी पाचला ते इंग्लंडच्या घड्याळाकडं बघून म्हणायचे, "आता त्यांच्यात साडेअकरा. च्या पिऊन बसले आसतील. उगडा." तेव्हा आम्ही ग्रुप उघडायचा. वर्षातून दोनदा ती माणसं आपली घड्याळं तासभर पुढं-मागं करतात हे कळलं तेव्हा चाचांना आठ दिवस जेवण गोड लागलं नाही.

"तौबा! टायमाला हात लावायचा? ह्याच लोकांनी आमाला टायम शिकिवला का न्हाय?"

"उन्हाळ्यात त्यांना उजेड जास्त वेळ हवा असतो, चाचा."

"मग लौकर उठावं की."

पण घड्याळ त्यांनी फिरवलं. स्टुलावर चढून, कुरकुरत, दर वेळी.

ग्रुपमध्ये त्यांचा दरारा होता. फोटोत नुसता दगडी पूल दिसला तरी ते स्टेशन सांगायचे. एकदा एका गोऱ्यानं चार झाडं आणि धुराचा पट्टा एवढाच फोटो टाकला होता. चाचांनी सांगितलं, ढोकीच्या अलीकडचा चढ, दुपारची गाडी, आणि ड्रायव्हर नवा आहे, कारण चढावर एवढा धूर जुना ड्रायव्हर काढत नाही. त्या गोऱ्यानं डायरी काढून पाहिली तर सगळं खरं निघालं. त्या दिवशी चाचांनी मला दोन वेळा चहा पाजला.

त्यांच्याकडे स्वतःचा एकही फोटो नव्हता. म्हणून ते सोबतच्या निवृत्त लोकांच्या घरी जायचे. येडशी, बार्शी, कुर्डुवाडी. कुणाच्या भिंतीवर निरोपसमारंभाचा फोटो असायचा, हार घातलेलं इंजिन, पुढे रांगेत उभे पाइंटमन आणि फायरमन. चाचा त्या काचेच्या तसबिरीचाच टॅबवर फोटो काढायचे. त्यामुळे प्रत्येक फोटोत इंजिनाच्या पोटावर ट्यूबलाइट लखलखायची आणि तिच्या शेजारी टॅब धरलेले चाचा काचेत दिसायचे. इंग्लंडच्या म्हाताऱ्यांना हे फोटो फार आवडत. "तुमच्या प्रत्येक गाडीत तुम्ही आहात," असं एकानं लिहिलं होतं. ते मी भाषांतर करून सांगितलं तर चाचा लाजले.

हे सगळं मला पहिलं वर्षभर म्हातारपणाचा विरंगुळा वाटत होतं. निम्म्या वेळा मी कंटाळून टाइप करायची. वह्या तपासायच्या राहिलेल्या असायच्या आणि इथं मी कुठल्या तरी परक्या माणसाला त्याच्या परक्या स्टेशनाबद्दल धीर देत बसलेली. एकदा चिडून म्हटलं, "चाचा, त्यांचं स्टेशन बंद पडलं तर तुम्हाला काय त्याचं?"

ते उठून आत गेले. मला वाटलं, रागावले. पाण्याचा तांब्या घेऊन परत आले आणि बसले.

"मॅडम, ह्यातल्या एकाकडं माझ्या घरचीचा फोटो हाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील जुन्या वळणाचे, घरात तसबीर लावणं त्यांना पसंत नव्हतं. चाचांच्या लग्नाचा फोटो नाही, ईदचा नाही, कशाचाच नाही. "म्याबी हट्ट धरला न्हाय. मानूस समोर फिरतंय, त्याचा फोटो कशाला?" छोटी गाडी तेरला पाणी घ्यायला थांबायची, तेव्हा त्यांची बायको घरून डबा घेऊन स्टेशनावर यायची. चाचा शेवटच्या डब्यात, गार्डच्या डब्यात. ती तिथं डबा द्यायची आणि रिकामा डबा घेऊन जायची. अशाच एका दुपारी एक गोरा साहेब इंजिनाचे फोटो काढत होता. चाचांनी त्याला हातानं खुणा करून सांगितलं, एक हिचा काढा. त्यानं काढला. फोटो पाठवीन म्हणाला, पत्ता लिहून घेतला, पण फोटो आला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. पहिला मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

"त्याला आईचं तोंड याद न्हाय," चाचा म्हणाले. "ल्हानपनी एकदा इचारलं त्यानं, अम्मी कैसी दिखती थी? म्या काय सांगू? डोळे हुते, नाक हुतं. समद्यालाच आसतं."

साहेबाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. फक्त तो इंग्लंडचा, उंच, आणि उन्हानं मान लाल झालेला. मुलानं टॅब आणून दिला, ग्रुप दाखवला, तेव्हापासून ते रोज पाचला बसत होते. सगळ्यांच्या स्टेशनांना धीर देत होते, सगळ्यांच्या चुका दुरुस्त करत होते, कारण माणसं खूश राहिली तर आणखी पेट्या उघडतील आणि एखाद्या पेटीतून ती निघेल.

त्या दिवसानंतर मी टाइप करताना कुरकुर केली नाही. छोट्या गाडीचा नवा फोटो आला की मीच आधी टॅब पुढे करायची. चाचा टॅब नाकाशी नेऊन बघायचे आणि मान हलवायचे. "न्हाय."

आता ती दुरुस्ती.

उत्तर इंग्लंडमधला एक निवृत्त शिक्षक होता, फार सभ्य माणूस. त्यानं एक फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘बहुधा तेर, नक्की नाही. फोटो चांगला नाही, क्षमस्व.’ छोटी गाडी पुढून मागच्या टोकाकडं पसरत गेलेली दिसत होती. लांबवर गार्डचा डबा, फलाटावर पळापळ, एक झाड. इंजिन नाही, नंबर नाही, पाटी नाही. असल्या फोटोला त्या मंडळींत किंमत नसते. चाचांनी पाहिला आणि तिथल्या तिथं निकाल दिला.

"लिवा. तेर न्हाय. आमचं लिंबाचं झाड फलाटाच्या ह्या हाताला हुतं, ह्यात त्या हाताला हाय. आन ही मागं बाई हुबी हाय, तिचा पदर बगा. उजव्या खांद्यावर. ही गुजराथी बाई. गुजरातेत अशाच छोट्या गाड्या हुत्या. आन लोकं कशी पळत्यात! आपल्याकडचा मानूस गाडीसाठी कवा पळलाय?"

मी हसले आणि सगळं तसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. पदराचा मुद्दा मला इतका पटला की मी माझ्या पदरचं एक वाक्यही घातलं, महाराष्ट्रात पदर डाव्या खांद्यावर घेतात म्हणून. त्या सभ्य माणसाचं दहा मिनिटांत उत्तर आलं. ‘मनापासून आभार, सर. तुमच्याइतकं कोण जाणणार? ही स्लाइड मी गुजरातच्या पेटीत ठेवतो.’ स्लाइड म्हणजे त्या काळची पारदर्शक फिल्म, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली. उजेडासमोर धरून बघायची.

चाचा त्या दिवशी खुशीत होते.

पुढे माझी बदली झाली, परंड्याकडे, सोनारीजवळच्या एका शाळेत. निघताना चाचांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि खरोखरच खिशातून हिरवी झेंडी काढून दाखवली. मी हसत हसत रिक्षात बसले आणि तेरणेच्या पुलापर्यंत रडत गेले. नंतर त्यांच्यासाठी टाइप करणारं कुणी मिळालं नाही. ते फोनवर सांगायचे, मी इथून लिहायची. पण पाचचा नेम मला जमेना. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, मग आठवड्यानं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही सगळ्या शिक्षिकांनी काठापदराच्या साड्या नेसून सेल्फी काढला. घरी येऊन फोटो बघत होते तर काहीतरी खटकत होतं. मग लक्षात आलं, सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर! स्वस्तातला मोबाइल, पुढचा कॅमेरा आरशासारखा उलटा फोटो काढतो. मी हसून मैत्रिणीला दाखवायला गेले, "बघ, आपण सगळ्या गुजराथी झालो," आणि त्या स्लाइडमधली बाई आठवली.

नेटवर टाकायला स्लाइड मशिनीत उलटी घातली तर फोटोही असाच उलटा येतो. एवढी साधी गोष्ट. पाटी असती, नंबर असता तर अक्षरं उलटी दिसली असती आणि शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. त्या फोटोत एक अक्षर नव्हतं.

फोटो शोधायला मला दोन तास लागले. अजून तिथंच होता, गुजरात म्हणून. मी तो मोबाइलवर उलटवला. एक बटण दाबायचं, दुसरं काही नाही. झाड इकडे आलं. बाईचा पदर डाव्या खांद्यावर आला. ती गार्डच्या डब्याच्या पायरीशी उभी होती, हातात डबा. सगळे पळत होते आणि ती एकटी स्थिर उभी राहून कॅमेऱ्याकडे बघत होती. माझ्या नखाएवढी.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. रविवारी परंडा, बार्शी, धाराशिव, तेर अशा एसट्या बदलत गेले. चाचा ओसरीत बसले होते, वाळले होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, गाडी आज बिगर टायमटेबलची?" मी मोबाइल त्यांच्या हातात दिला.

तिच्याकडे त्यांनी लगेच पाहिलं नाही. मला अजून आठवतं, त्यांनी ड्यूटी घेतल्यासारखं एकेक तपासलं. लिंब. बरोबर. पाण्याची टाकी, तिचा पाइप लातूरच्या अंगाला. बरोबर. दिव्याच्या खोलीचं कौल फुटलेलं. बरोबर, ते दुरुस्त करायला दोन अर्ज केले होते. मग पळणारी माणसं. तिथं त्यांचं बोट थांबलं.

"शिट्टी," ते म्हणाले.

"कसली शिट्टी?"

"म्या वाजिवली." त्यांचा आवाज बारीक झाला. "सायबाबरूबर म्या इंजनापशी हुतो. ही मागं, तिकडं तोंड करून. सायबानं कॅमेरा धरला आन हिचं ध्यानच न्हाय. म्हून म्या शिट्टी मारली, हिनं बगावं म्हून. समद्या पॅशिंजरला वाटलं, गाडी सुटली! जो तो पळाया लागला. ड्रायव्हर वरनं वरडला, गार्डसाब, आजून पाणी घ्यायचंय!"

ही गोष्ट त्यांनी मला कधीच सांगितली नव्हती. नियमाविरुद्धची गोष्ट. तीस वर्षांत बिगरकामाची वाजवलेली ती एकच शिट्टी, आणि ती ते स्वतःही विसरले होते. मग त्यांचं बोट हळूहळू मागच्या डब्यापर्यंत गेलं आणि तिच्यावर न ठेवता शेजारी ठेवलं.

"म्या हुडकत हुतो ती मोठी," ते म्हणाले. "फोटूभर आसंल वाटायचं. एवढी आसंल हे मनात आलं न्हाय."

मी त्यांना सांगितलं की चूक माझीही आहे, पदराचं वाक्य मी घातलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. "विंग्रजी तुमचं. निकाल माझा," एवढंच म्हणाले.

त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा करायला सुरुवात केली तशी ती फुटली. आधी तोंडावरचं ऊन आणि सावली वेगळी झाली, मग नुसते करडे चौकोन राहिले. नेटवर टाकलेली ती लहानशी प्रत. खरी स्लाइड मिळाली असती तर त्यातून चेहरा निघाला असता. ती त्या सभ्य माणसाच्या पेटीत होती.

तेव्हा चाचांनी स्पष्टीकरण लिहायला सांगितलं. रेल्वेत चूक झाली की वरच्या साहेबाला लेखी स्पष्टीकरण द्यावं लागतं. त्यांना तीस वर्षांत एकदाही द्यावं लागलं नव्हतं. ताठ बसून त्यांनी मजकूर सांगितला. ‘मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत असताना आपणांस चुकीची माहिती दिली. फोटो तेरचाच आहे. झाड बरोबर आहे. बाई माझी पत्नी आहे. सदर चूक माझी असून तीबद्दल मी शिक्षेस पात्र आहे. तरी मूळ स्लाइड कृपा करून पाहावी.’

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, त्या माणसाच्या मुलीचं. वडील गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे स्लाइड्स ज्या त्या प्रदेशाच्या हौशी लोकांना वाटून टाकल्या. आमच्या लाइनची पेटी एका लहान संग्रहालयानं घेतली आणि तिथून तिनं त्या दुपारचे सगळे फोटो मागवून पाठवले. इंजिन होतं, पाणी घेणारा ड्रायव्हर होता, फुटक्या कौलाची खोली होती, आणि एका फोटोत तर झेंडी हातात धरून खुद्द चाचा होते, केस काळेभोर. फक्त ती नव्हती. गुजरातची पेटी एका गृहस्थानं नेली होती. त्यानं घर बदललंय आणि पत्राला उत्तर येत नाही, असं तिनं कळवलं. ‘बाबा तुमच्या शब्दाला फार मान देत. त्या पेटीवर त्यांनी तुमचा दाखला लिहून ठेवला होता,’ असंही लिहिलं होतं. हे वाक्य मी चाचांना वाचून दाखवलं नाही. खोटं कशाला सांगू, अजूनही सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत परत गेले तेव्हा चाचांनी मला एक चौकट दाखवली, सोनेरी काठाची. आत एका तरुण बाईचा चेहरा. गोल, गोरा, नितळ, ओठांवर हसू. मुलानं तो लहान फोटो पुण्याला नेला होता. आता मोबाइलच पुसट चेहरे ‘साफ’ करून देतो. त्यानं तसा करून घेतला, मोठा काढला, एक घरी लावला आणि एक अब्बांना पाठवला. फोनवर तो रडला म्हणे. पस्तीस-छत्तीस वर्षांत पहिल्यांदा आई बघितली.

"छान आलाय," मी म्हटलं.

"ही ती न्हाय."

मी चौकटीकडे परत पाहिलं.

"ही कोन मला म्हाईत न्हाय. कुनाची तरी चांगली बाई हाय. हिच्या दातात फट हुती, हसताना तोंडावर हात धरायची. रंग माज्यावानी. ह्या मशिनीनं दुसरीच कुनीतरी आनून बसिवली."

"मुलाला सांगितलंत?"

"काय सांगू?" त्यांनी चौकट पालथी ठेवली, मग काहीतरी वाटून परत सुलटी केली. "त्याला आई मिळालीया. रोज सलाम करतो म्हनला, कामावर जाताना. म्या दुरुस्ती करू? एक केली ती बास झाली."

जगभरच्या लोकांची स्टेशनं सुधारणारा तो माणूस पोटच्या मुलाची ही चूक मात्र पोटात घालून बसला होता. मला त्यांचा फार राग आला आणि फार दयाही आली. त्यांच्या घरी त्या चौकटीखेरीज कुणी नव्हतं.

पाच वाजले. मी सवयीनं टॅब घ्यायला हात पुढे केला. चाचा म्हणाले, आता ग्रुप उघडत नाही. त्यांनी टॅबवर तो लहान फोटो लावला, न मोठा केलेला, आणि समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात उभा ठेवला. मग ओसरीच्या या टोकाला आपली खुर्ची होती तिथं येऊन बसले. खुर्चीच्या चार पायांखाली जमिनीवर खडूच्या खुणा होत्या. मी कोनाड्याजवळ जायला लागले तशी त्यांनी हाक मारली.

"जवळ जाऊ नका, मॅडम. जवळ गेलं की फुटती. हितनं बगा. हितनं बरूबर दिसती ती, दातासकट."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. डोळे बारीक करून पाहिलं, मोठे करून पाहिलं. पळणारी माणसं, झाड, आणि टोकाला हातात डबा घेतलेलं काहीतरी उभं.

"दिसली?"

"दिसली," मी म्हटलं.

चाचा रागावले नाहीत. कोनाड्यावरची नजरही त्यांनी काढली नाही.

"तुमाला कुठनं दिसंल?" ते म्हणाले. "तुमी कुठं बगितलीया तिला?"